आतल्या हवेला काटा कोण लावणार?

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज हवेचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा, येतो तो मी न चुकता वाचतो, म्हणजे आधी सोन्याचा भाव, मग धरणातला पाणीसाठा आणि मग तो. पण तो आकडा बाहेरच्या हवेचा, कुठल्यातरी मोकळ्या जागी किंवा गच्चीवर बसवलेल्या मशीनचा. आता माणूस दिवसातले किती तास गच्चीवर बसतो सांगा. ऑफिसात, हॉटेलात, लॉजवर, कॅन्टीनमध्ये, परमिट रूममध्ये, जिथं आपण खरं तर श्वास घेतो तिथल्या हवेचा आकडा आजपर्यंत कुणी छापलेला मी पाहिला नाही, आणि छापणार कुठून, मोजतोच कोण. त्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो आणि पत्र लांबलं, कापायचं तिथं कापा, फक्त काट्याचा भाग ठेवा.

काटा का म्हणतो ते सांगतो. मी सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो, आता रिटायर आहे. आमच्या भागात काटा हा शब्द उच्चारला की शेतकऱ्याचे कान टवकारतात. उसाची गाडी काट्यावर चढली की मागं एक माणूस उभा असतो, वजन बरोबर पडतंय का बघायला, कारण काटामारी झाली की वर्षभराची मेहनत गेली. लॅबमध्ये आम्ही ब्रिक्स आणि पोल, म्हणजे रसात विरघळलेलं एकूण किती आणि त्यात साखर किती, ते काढायचो, त्यावर रिकव्हरी, म्हणजे उसातून साखर किती निघते ते, ठरायची आणि रिकव्हरीवर उसाचा दर, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की मोर्चा गेटवर. साध्या किराणा दुकानातल्या तराजूला सुद्धा वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. आणि माणूस जी हवा दहा-दहा तास ओढतो तिला ना काटा ना शिक्का, हे माझ्या डोक्यात काही केल्या बसत नाही.

आता मूळ गोष्ट. माझा एक भाचा पुण्यात एका परमिट रूममध्ये कॅप्टन आहे. कॅप्टन म्हणजे वेटरच्या वरचा, ऑर्डर घेणारा. पोरगं निर्व्यसनी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. पण सुट्टीला गावी आला की त्याच्या बॅगेतून सिगरेटचा वास येतो, माझी बहीण पहिल्यांदा कपडे धुवायला काढताना चपापली, तिला वाटलं पोरगं बिघडलं. तो म्हणाला आई मी ओढत नाही गं, गिऱ्हाईक ओढतं. त्यानंतर त्याला खोकला सुरू झाला, जात नाही म्हणून डॉक्टरकडं गेला, डॉक्टरांनी विचारलं दिवसाला किती ओढता, हा म्हणाला एकही नाही, डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिताना काहीतरी वेगळंच लिहिलं असणार असं भाच्याचं म्हणणं. त्या बिचाऱ्याजवळ सिद्ध करायला काय आहे? काहीच नाही. उलट त्याची बायकोच आता त्याचं तोंड हुंगून बघते.

माझ्या मुलानं लॉकडाऊनच्या काळात हवा मोजायचं एक छोटं मशीन ऑनलाइन मागवलं होतं, मोबाईलएवढं, ते घरात धूळ खात पडलेलं. मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा ते शर्टाच्या खिशात घालून भाच्याच्या हॉटेलात जाऊन बसलो, गिऱ्हाईक म्हणून, एक लिंबू सोडा आणि मसाला पापड घेऊन दीड तास काढला (बिल भाच्यानं घेतलं नाही म्हणून मालक त्याला बोलले असतील तर माफी). बाहेर रस्त्यावर, रिक्षा-बस सगळं चालू असताना, मशीनवर दोन आकडी नंबर होता. आत एसी हॉलमध्ये शिरल्यावर तीन आकडी झाला आणि शेजारच्या टेबलावरच्या चौघांनी एकामागून एक पेटवल्यावर मशीन लाल होऊन बसलं ते मी उठेपर्यंत लालच. नेमके आकडे मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं सांगतो.

आता तुम्ही म्हणाल की तिथं बंदीच आहे. आहे की! दारावर बोर्ड होता, "नो स्मोकिंग", आणि आतल्या बाजूला काचेचं पार्टिशन घालून एक कोपरा केलेला, त्यावर दुसरा बोर्ड, स्मोकिंग झोन. त्या काचेच्या दाराला सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट लावून दार कायमचं उघडं ठेवलेलं. मी भाच्याला विचारलं हे का, तर म्हणाला मामा दोन्ही हातात ट्रे असतो, दर वेळी दार कुठं उघडत बसू, आणि दार आपोआप बंद होतंय ते पाठीत बसतं. म्हणजे कायद्यानं जे दार आपोआप बंद व्हावं म्हणून बसवलं तेच क्रेट लावून उघडं ठेवणं ही तिथली रोजची गरज आहे. यात वेटरचा दोष धरू नका.

कायदा काय म्हणतो ते मी वाचून काढलं, रिटायर माणसाला वेळ असतो. २००३ चा तो लांबलचक नावाचा तंबाखू कायदा, लोक कोटपा म्हणतात, त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. त्याच्याही आधी मुंबईचेच काँग्रेस नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते आणि २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं दवाखाने, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिसं, रेल्वे-बस सगळीकडं बंदी घाला म्हणून आदेश दिला. मग २००८ चे नियम आले, गांधी जयंतीपासून लागू, त्यात कामाची ठिकाणं, मॉल, सिनेमागृह, कॅन्टीन, पब, बार सगळं नाव घेऊन लिहिलंय. पळवाट एकच ठेवली, तीस किंवा जास्त लोक बसतील असं रेस्टॉरंट, तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ, यांना वेगळी स्मोकिंगची जागा करता येते. पण ती कशी असावी हेही लिहिलंय बरं का, चारही बाजूला छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार जे बंदच राहिलं पाहिजे, आतली हवा थेट बाहेर फेकणारी सोय, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी म्हणजे दार उघडलं तरी हवा आत ओढली जावी, धूर बाहेर येऊ नये. आणि २०१७ साली दुरुस्ती करून त्यात आणखी एक वाक्य घातलं की या जागेत कुठलीही सर्व्हिस द्यायची नाही. म्हणजे साहेब, भाच्यानं दोन ट्रे घेऊन त्या दारातून जायचंच नाही असा कायदा आहे! मी हे त्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला मामा, चकणा काय गिऱ्हाईक स्वतः उठून नेणार का?

नियमात सगळं आहे, बोर्ड साठ सेंटीमीटर बाय तीस सेंटीमीटरचा हवा इथपर्यंत मोजून दिलंय. बोर्डाचं माप आहे. हवेचं माप नाही. इन्स्पेक्टर आला तर टेप घेऊन बोर्ड मोजू शकतो, टेबलावर ॲशट्रे दिसला तर पकडू शकतो (ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायला पण बंदी आहे), पण तो दुपारी तीनला येणार, तेव्हा हॉल रिकामा, खुर्च्या उलट्या करून पोरं फरशी पुसत असतात. रात्री दहाला हॉलमध्ये हवा कशी असते हे दुपारी तीनला कुणाला कसं कळणार, काट्यावर गाडी चढवायचीच नाही आणि वजन बरोबर आहे म्हणून सही करायची, तसला प्रकार.

आता माझ्या मशीनबद्दल, कारण मी स्वतः लॅबवाला, खोटा आकडा मला सहन होत नाही. या स्वस्तातल्या मशीनमध्ये छोटा पंखा हवा ओढतो, आत लेझरचा किरण असतो, हवेतले कण त्यावरून गेले की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून ते अंदाज बांधतं की एका घनमीटर हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले कण, किती मायक्रोग्रॅम आहेत. वजन ते करत नाही, उजेडावरून वजनाचा अंदाज करतं. मग भानगडी. पावसाळ्यात दमट हवेत कण फुगतात, आकडा चढतो. तव्यावर मटण परतलं तरी चढतो, तंदूर पेटला तरी चढतो, संध्याकाळी गल्ल्यावर गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावली तरी चढतो, डासांची कॉइल तर विचारूच नका. आणि सिगरेटचा धूर असला तर ते खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतं. म्हणून मी माझे आकडे छापायला देत नाही, उद्या मालक वकील लावेल आणि वकील पहिल्या प्रश्नात मला आडवा करेल.

पण नीट मोजायची रीत आहे आणि ती काही रॉकेट सोडण्याएवढी अवघड नाही. जगभर संशोधक हेच काम करतात, हातात मावणारं पण चांगल्यातलं मशीन, आत छोटा पंप मिनिटाला १.७ लिटर हवा ओढणारा, ते साध्या बॅगेत ठेवायचं, नळी बाहेर काढायची, गिऱ्हाईकासारखं जाऊन हॉलच्या मधोमध टेबलाच्या उंचीवर ठेवायचं, किचनच्या दाराजवळ नाही आणि कुणाच्या पेटत्या सिगरेटच्या नाकासमोर पण नाही. जायच्या आधी स्वच्छ फिल्टर लावून शून्य तपासायचं. आत शिरायच्या आधी पाच मिनिटं बाहेर, आत कमीत कमी अर्धा तास, निघाल्यावर परत पाच मिनिटं बाहेर, म्हणजे रस्त्याची धूळ किती आणि आतलं किती हे वेगळं काढता येतं. दर पंधरा मिनिटांनी किती माणसं आहेत आणि किती सिगरेटी पेटलेल्या आहेत ते मोजून लिहायचं, खोलीची लांबी-रुंदी-उंची घ्यायची, म्हणजे शंभर घनमीटरला किती सिगरेटी जळतायत ते निघतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, हे मशीन कंपनीतून येतं तेव्हा अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या धुळीवर कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे त्या धुळीवर आकडा जुळवून दिलेलं असतं, सिगरेटचे कण त्या धुळीपेक्षा वेगळे, त्यामुळं ते साधारण तिप्पट दाखवतं, म्हणून आलेल्या आकड्याला ०.३२ नं गुणतात. हे वाचून मला एकदम आमची लॅब आठवली, ब्रिक्स काढताना रसाचं तापमान बघून दुरुस्ती करायचो तसंच हे. खरा आकडा असा आपोआप पाझरत नाही, त्याला दुरुस्त्या कराव्या लागतात आणि त्या लिहून ठेवाव्या लागतात.

कुणी म्हणेल एका सिगरेटनं काय होतंय. हिशोब करू. एक सिगरेट जळून संपेपर्यंत हवेत साधारण दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून थोडे जास्त बारीक कण सोडते, दहाच धरू, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. त्यातला बराचसा भाग ओढणाऱ्याच्या तोंडातून नाही तर दोन बोटांत नुसती जळत असते त्या टोकाकडून येतो, म्हणजे फिल्टर त्याच्या तोंडाला आणि बिनफिल्टरचा आपल्याला. आता १० बाय १५ फुटाची खोली, १० फूट उंच, १,५०० घनफूट, म्हणजे साधारण ४२ घनमीटर. भागाकार करा, घनमीटरला २३० मायक्रोग्रॅमच्या वर येतो. एका सिगरेटचे २३०! आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५ आहे. आता मला माहितीय की एका क्षणाचा आकडा आणि २४ तासांची सरासरी यांची थेट तुलना करायची नसते, आणि हॉल काय दहा बाय पंधराचा नसतो, मोठा असतो. पण मग सिगरेट पण एक नसते. शनिवारी रात्री एक विझायच्या आत दुसरी पेटते आणि भाचा सहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत त्यातच उभा.

आणि एसीचं एक मोठं खूळ आपल्याकडं आहे. लोकांना वाटतं एसी आहे म्हणजे हवा स्वच्छ. अहो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच ओढतो, गार करतो आणि परत तोंडावर मारतो, त्याची जाळी मोठी धूळ अडवते, धूर आरपार. उलट एसी लावला म्हणून खिडक्या बंद करतात. तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलते असं उदार मनानं धरलं तरी धूर निम्म्यावर यायला चाळीसेक मिनिटं लागतात आणि पाच टक्क्यांवर यायला तीन तास. म्हणजे शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर गल्ला मोजून होईपर्यंत पोरं तोच धूर ओढत असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पोरं त्याच हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. अमेरिकेत रिपेस आणि लॉरी या दोघांनी १९८० सालीच बार, हॉटेलं, हॉल असं फिरून हवा मोजली आणि वायुवीजनानं हे आटोक्यात येत नाही हे छापलं. एसी आणि वायुवीजनाच्या इंजिनियरांची जी संघटना आहे, ॲश्रे, ज्यांचा धंदाच हवा खेळवायचा, त्यांनी पण २००५ साली लिहून दिलं की आत ओढू न देणं हाच एक उपाय. धंदेवाला स्वतःच म्हणतोय की माझ्या मशीननं हे होणार नाही, आणखी काय पाहिजे.

उदबत्ती आणि तंदूरचा मुद्दा मात्र राहतो आणि मालक लोक तो काढणारच. त्याला पण उपाय आहे आणि तो मला मशीनपेक्षा जास्त पटला. एक छोटी डबी असते, बिल्ल्याएवढी, आत रसायन लावलेला गोल कागद, ती हॉलमध्ये आठवडाभर नुसती टांगून ठेवायची, हवेतलं निकोटिन त्यावर बसतं, मग लॅबमध्ये नेऊन किती जमलं ते काढायचं. वीज नको, बॅटरी नको, आवाज नाही. आणि निकोटिन उदबत्तीत नसतं, तंदूरमध्ये नसतं, रिक्षाच्या धुरात नसतं. डबीत सापडलं म्हणजे तिथं कुणीतरी तंबाखू जाळली, विषय संपला. हीच डबी वेटरच्या शर्टाला लावली तर त्या पोराच्या वाट्याला किती आलं ते कळेल.

काही लोक सुचवतात की कामगारांची लाळ किंवा लघवी तपासा, त्यात कोटिनिन निघतं, निकोटिन अंगात गेल्यावर त्याचं जे होतं ते. चाचणी उत्तम आहे, पण आपल्या महाराष्ट्रात तिची पंचाईत होते आणि ही पंचाईत परदेशी पुस्तकात सहजी लिहिलेली नसते. आपल्याकडं ओढणारे कमी आणि खाणारे जास्त! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे वगैरे २४.४ टक्के. म्हणजे किचनमधला आचारी तंबाखू मळतोय, भांडीवाली मावशी मिसरी लावते, त्यांची लाळ तपासली तर कोटिनिन भरभरून येणार, मग ते गिऱ्हाइकाच्या धुराचं की त्यांच्या स्वतःच्या तंबाखूच्या डबीचं हे कसं सांगणार. म्हणून आपल्याकडं माणसापेक्षा हवा तपासावी. माझा भाचा काहीच खात नाही, त्याची तपासली तर खरं कळेल, पण असा एक भाचा घेऊन धोरण ठरत नाही.

त्या ३.८ टक्क्यांवरून अजून एक डोक्यात येतं, शंभरात चार माणसंसुद्धा ओढत नाहीत आणि बाकीच्या शहाण्णवांना मान खाली घालून बसावं लागतं. त्याच पाहणीत देशभरात बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोकांनी सांगितलं की कामाच्या जागी आम्हाला दुसऱ्याचा धूर घ्यावा लागतो. २००८ ला बंदी आलेली आणि हे २०१६-१७ चं. कागदावर शून्य पाहिजे होतं.

मोजलंच नाही कुणी असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. ३२ देशांत १,८२२ बार-रेस्टॉरंट आणि कामाच्या जागा मोजून २००८ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात जिथं कुणी ओढताना दिसलं तिथली हवा न ओढणाऱ्या जागांच्या जवळजवळ नऊपट खराब निघाली. आपल्या मुंबईत पण हीलिस-सेखसरिया संस्थेच्या संशोधकांनी रेस्टॉरंटांमधली हवा मोजून २०११ साली निबंध छापलाय. म्हणजे माणसं आहेत, अक्कल आहे, मशीन आहे. पण संशोधक एकदा मोजणार, निबंध छापणार आणि जाणार, रोजचा काटा लावायचं काम सरकारचं. काट्याविना पण काही लोकांनी कमाल केली आहे, जपानमध्ये हिरायामा नावाच्या डॉक्टरनं ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांवर चौदा वर्षं नजर ठेवली आणि १९८१ ला सांगितलं की नवरा जेवढा जास्त ओढतो तेवढा बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. पण तसं मोजायचं म्हणजे माणसं मरायची वाट बघत बसायचं. हवा मोजली तर तेवढं थांबायला लागत नाही.

मी तंबाखूवाल्यांचा दुश्मन नाही. निपाणी इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, आमचे पावणे तिकडं आहेत, १९८१ ला शरद जोशींनी तिथल्या तंबाखू उत्पादकांसाठी आंदोलन केलं ते आमच्या पिढीनं ऐकलंय. आणि मी स्वतः विडी ओढत होतो. आता कबूल करतो, गळिताच्या हंगामात रात्रपाळीला लॅब बंद करून, थंडी म्हणून खिडक्या लावून, आम्ही दोघं केमिस्ट विड्यांवर विड्या फुकायचो आणि बीकर धुणारा पोऱ्या त्याच खोलीत. तो ओढायचा नाही. त्याला कधी विचारलं नाही, तोही कधी बोलला नाही, कसा बोलेल, साहेब लोक आम्ही. रसातली साखर शंभराव्या भागापर्यंत काढणारी माणसं आम्ही आणि त्या खोलीतल्या हवेचा एकदा पण विचार केला नाही. भाचा पण मालकाला बोलत नाही आणि गिऱ्हाइकाला तर नाहीच, सगळ्यात जास्त टिप त्या ओढणाऱ्या टेबलाचीच असते.

तर माझी मागणी साधी आहे. परमिट रूमचं लायसन उत्पादन शुल्कवाल्यांकडून दर वर्षी रिन्यू होतं, खाण्याचं लायसन वेगळं, त्याचा नंबर भिंतीवर लावावा लागतो. त्याच वेळी आठवडाभर निकोटिनची डबी टांगा, एका रात्री न सांगता जाऊन अर्धा तास हवा मोजा, आणि आलेला आकडा लायसनशेजारी भिंतीवर लावा, तारीख घालून. ज्यांनी स्मोकिंग झोन केलाय त्यांच्या झोनमध्ये एक डबी आणि झोनच्या बाहेर, जिथं बायका-पोरं फॅमिली सेक्शनमध्ये बसतात तिथं दुसरी. काचेचं दार खरं चालतं की क्रेट लावलाय हे दुसऱ्या डबीतून बाहेर येईल, इन्स्पेक्टरनं दुपारी तीनला यायची पण गरज नाही. लगेच दंड करा असंही म्हणत नाही, कारण दंड तो काय, जास्तीत जास्त २०० रुपये, चिकन हंडी त्यापेक्षा महाग, २०२० च्या शेवटी तो २,००० करायचा आणि हॉटेल-रेस्टॉरंटमधले स्मोकिंग झोनच काढून टाकायचा मसुदा आला होता तो तिथंच राहिला. दंड राहू दे. नुसता आकडा भिंतीवर येऊ दे, गिऱ्हाईक बघेल, वेटर पण बघेल आणि डॉक्टरला दाखवायला भाच्याजवळ एक कागद तरी असेल.

मालक म्हणतील धंदा बसेल. मी म्हणतो ज्यांचा आकडा चांगला त्यांनी बाहेर बोर्डवर लावावा ना, व्हेज-नॉनव्हेज, एसी-नॉनएसी लिहिता तसं. आणि लॉज, सायबर कॅफे, क्लब, सरकारी ऑफिसांचे जिने यांचं पण हेच, पण हॉटेलपासून सुरुवात करा म्हणतो कारण तिथं एक वेटर एका रात्रीत जेवढा धूर घेतो तेवढा गिऱ्हाईक महिन्यात घेत नसेल. हुक्क्यावर वेगळं लिहावं लागेल, मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर, १४ जीव गेल्यावर, २०१८ ला राज्यानं हुक्का पार्लरवर बंदी आणली, तिथं पण हवा मोजून नाही तर आग लागून जाग आली. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड हा अजून निराळा विषय, त्याला वास पण नसतो.

येताना मशीन भाच्याकडंच ठेवून आलो. त्यानं ते गल्ल्याजवळ ठेवलं तर दोन दिवसांनी मालकांनी लाल आकडा बघून विचारलं हे काय, यानं सांगितलं. मालक माणूस वाईट नाही, ते म्हणाले उदबत्तीमुळं असेल रे. मी भाच्याला फोनवर म्हटलं, असेल बाबा, मालकांचं पण खोटं धरू नको, मशीन खरंच उदबत्तीला चढतं. तू असं कर, वही घे, उदबत्ती लावायच्या आधी अर्धा तास आकडा लिही, लावल्यावर अर्धा तास लिही, आणि विझल्यावर नऊ ते दहा परत लिही, शेजारी किती सिगरेटी पेटल्यात ते पण. तो लिहितोय. वहीची अकरा पानं झालीत, काल मालकांनी मागून घेऊन चाळली म्हणे, काही बोलले नाहीत, आणि तो क्रेट मात्र अजून दारालाच आहे.

माझं नाव छापू नका, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आपला,
एक रिटायर केमिस्ट,
कोल्हापूर जिल्हा